मतं फुटायची गोष्ट जुनीच

संपादक महोदय,

आजूबाजूच्या पंचायती शहरात घ्यायच्या का यावर आमच्या म्हापशातल्या चहाच्या गाड्यावर रोज वाद असतो, परवा तर एक काका घरपट्टीची पावतीच खिशातून काढून भज्यांच्या बशीशेजारी ठेवून बसले, की बघा आता ही किती होणार! त्यावरून आठवलं, न्यूयॉर्कचं पण असंच झालेलं. ब्रुकलिन तेव्हा शेजारचं वेगळं शहर, ते न्यूयॉर्कात घ्यायचं का यावर 1894 ला मतदान घेतलं तर ब्रुकलिनमध्ये विलीनीकरणाची बाजू फक्त 277 मतांनी जिंकली, सव्वा लाखाहून जास्त मतांत हो!

मग 1897 च्या नोव्हेंबरात एकत्र शहराच्या पहिल्या महापौराची इलेक्शन झाली, आणि हेन्री जॉर्ज नावाचे उमेदवार मतदानाच्या चारच दिवस आधी वारले, ऐनवेळी त्यांच्या मुलाला उभं केलं. टॅमनी हॉलवाल्यांचा, म्हणजे तिथल्या डेमोक्रॅट पुढाऱ्यांच्या टोळीचा, रॉबर्ट व्हॅन विक निवडून आला, त्याला साधारण 2 लाख 34 हजार मतं. समोर सेथ लो, म्हणजे ब्रुकलिनचेच माजी महापौर, आणि रिपब्लिकन ट्रेसी, या दोघांची बेरीज केली तर अडीच लाखांच्या वर जाते पण वेगवेगळे लढले ना, काय उपयोग. (आपल्याकडे हे कोणाला शिकवायला नको.) 1 जानेवारी 1898 पासून मॅनहॅटन, ब्रुकलिन, क्वीन्स, ब्रॉन्क्स, स्टेटन आयलंड सगळं एकाच महापौराखाली. लो साहेब नंतर 1901 ला निवडून आले ते वेगळं.

काकांना हे सगळं सांगितलं तर म्हणाले, ते राहूंदे, तिथं घरपट्टी वाढली का ते सांग.

- एक वाचक, म्हापसा