मैनेच्या खुरांची हकीकत

ती. बाबा व ती. आई यांस,
शि. सा. नमस्कार.

काल फोनवर बाबांनी स्वतःच्या गुडघ्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, सगळी चौकशी मैना घोडीची. मजूर कापूस मोजून द्यायला उभे होते, म्हणून मी दोन शब्दांत आटोपलं. आता सविस्तर लिहितो. मैनेचे चारही खूर तासून झाले. ओठाला दोरी पिळावी लागली नाही, कान धरावा लागला नाही, आणि नालबंदाचे दातही शाबूत आहेत.

पोळ्यापासून तिच्या खुरांना हत्यार लागलं नव्हतं. महिन्याला पाऊण-एक सेंटिमीटर खूर वाढतो, दीड-दोन महिन्यांनी तासायलाच हवा, हे तुम्हीच सांगत आलात. पुढचे दोन्ही इतके लांबले होते की चालताना ठेचकाळायची. पण तुम्ही पुण्याला, मग पाय धरणार कोण? तुमची पद्धत म्हणजे मागचा पाय मांडीवर घ्यायचा आणि तिनं ओढाताण केली तरी सोडायचा नाही. अर्धी घोडी तुमच्या अंगावर उभी असायची, बाबा. माझ्याच्यानं ते होणार नव्हतं, आणि यापुढं तुम्हालाही करू देणार नाही.

म्हणून नालबंदाला थांब म्हटलं आणि आधी तिला शिकवायला घेतलं. सकाळी फिरवून आणली की दाणा घालायच्या आधी, थोडाच वेळ. खुंट्याला आवळून बांधायची नाही, धाकटा दोर सैल धरून उभा. खांद्यावर हात ठेवायचा आणि तोच पायावरून खाली न्यायचा. घोड्याला आपल्या पाठीमागचं दिसत नाही, म्हणून मागं जाताना तिच्या अंगावरचा हात सोडायचा नाही, तोंडानं बोलत राहायचं. गुडघ्याखाली हात गेला की ती पाय आपटायची. आपटल्यावर हात काढला तर ती आपटायलाच शिकते. त्यामुळं हात तिथंच ठेवायचा, ती जरा निवांत झाली की लगेच काढायचा आणि मानेवर खाजवायचं. शेजारचे आप्पा बांधावरून ओरडले, "घोडीले शाळामा धाडी ऱ्हायना का रे भाऊ?"

मग पाय उचलणं. खांद्यानं तिला हलकं रेटलं की भार पलीकडच्या पायावर जातो आणि अलीकडचा आपोआप सैल पडतो. तो वीतभरच उचलायचा, आणि तिनं हिसकायच्या आत आपणच खाली ठेवायचा. टाकायचा नाही, ठेवायचा. सगळी गोम इथं आहे. घोडं पळून जीव वाचवणारं जनावर. पाय अडकला की त्याला धडकीच भरते. पाय परत मिळतो हे कळल्यावर मैना स्वतःच तो हातात द्यायला लागली.

मागचा उजवा मात्र देईना. तुम्ही म्हणाला असता, खोड आहे. पण उजवा उचलला की भार येतो डाव्यावर, म्हणून मी डावा पाहिला. तळव्याच्या मधल्या त्रिकोणी मऊ भागाशेजारच्या खाचेत काळ्या मातीचा घट्ट गोळा बसलेला. तो उकरला तर आत बारीक खडा, आणि असा कुजका वास की धाकटा दोर टाकून पळाला. गुरांच्या डॉक्टरांनी जागा साफ करून औषध दिलं, तबेला कोरडा ठेवायला सांगितला. तो बरा झाला तसा उजवाही मिळायला लागला. इतकी वर्षं आपण कितीदा दुखण्याला खोड म्हटलं असेल, कोण जाणे.

कानस आधी हुंगू दिली, मग खुरावर नुसती फिरवली. पुढं नाल ठोकायची वेळ आली तर बुजू नये म्हणून लाकडाच्या तुकड्यानं टकटक केलं. आणि आई, तू मुठीनं गूळ चारतेस ते आता बंद. हरभऱ्याएवढा खडा, तोही नीट पाय दिला तरच. दाणा-गूळ जास्त झाला की खूर आतून सुजतात आणि घोडं लंगडतं, हे डॉक्टरांचं म्हणणं. माझ्यावर रागावू नकोस.

नालबंद आला तो दोरी काढूनच. म्हटलं, भाऊ, ती राहू दे पिशवीत. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू त्याचा धंदाच बसवायला निघालोय. पण ऐकलं. दर थोड्या वेळानं पाय खाली ठेवू दिला. वयामुळं तिचे सांधे आखडलेत, म्हणून मागचे पाय उंच न ओढता खालीच धरले. एकदा माशी बसली म्हणून तिनं पाय झटकला, तेवढंच. जाताना चहा पिऊन म्हणाला, "आबांना सांगा, आता दोन माणसं पुरतात."

तेव्हा दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या जत्रेसाठी म्हणून तुमच्या गुडघ्याच्या डॉक्टरांच्या मागं लागू नका. यंदा घोडेबाजार मी पाहून येतो, भाव रोज फोनवर सांगतो. मैनेची म्होरकी झिजलीय. जत्रेत नवी घेऊ की जुनीच शिवून आणू, तेवढं कळवा. आई, भरिताची वांगी आणि कळण्याचं पीठ मामांबरोबर पाठवतोय. वांगी गॅसवर भाजू नकोस, दादाला गच्चीवर काड्या पेटवायला लाव.

तुमचा,
बंडू