डिझेल व्हॅन अन् चार किलोमीटरची चक्कर

संपादक साहेब, नमस्कार.

ताडोबा-चिखलदरा फिरायले म्हणून डिझेल कॅम्पर व्हॅन घेतली, पण फिरणं वर्षातून दोनदा अन् बाकी दिवस घर ते वावर चार किलोमीटर. तिसऱ्याच महिन्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा. मेकॅनिक म्हणे डीपीएफ चोक. एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचा बीएस-६ नियम आला अन् डिझेल गाड्यांत हे डीपीएफ, म्हंजे धुरातली काजळी धरणारं फिल्टर, ती काजळी जळायले आतमधी ६०० डिग्रीच्या आसपास तापावं लागते, थंड इंजिनावर चार किलोमीटरात काय तापन? वरून जळणं अर्धवट राह्यलं का डिझेल ऑइलमधी उतरते, डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तं मले वाटलं बरंच आहे! आता दर रविवारी नागपूर हायवेवर अर्धा तास रिकामी पळवतो, बायको हसते. विकताना शोरूमवाल्यानं रोज किती चालवता एवढं तरी विचारावं न राजेहो.

– एक वाचक, ता. हिंगणघाट