फोर-व्हील ड्राइव्ह: आधी नळी तपासा

महोदय,

जुन्या एसयूव्हीची फोर-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारी यंत्रणा) लागत नसली, की मुंबईत बरेचदा थेट ट्रान्सफर केस, म्हणजे ही ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी गिअरपेटी, उघडण्याचा सल्ला मिळतो. तो मला घाईचा वाटतो. ज्या गाड्यांत पुढच्या चाकांचा अ‍ॅक्सल व्हॅक्यूमने (नळीतून हवा ओढून) जोडला जातो, त्यांत रबरी नळीचा तडा, अडकलेला सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) किंवा वायरिंगचा गंजलेला जोड आधी तपासावा, विशेषतः ती गाडी हिंदमातासारख्या ठिकाणी साचलेल्या पाण्यातून गेली असेल तर. ट्रान्सफर केसचे तेल दुधाळ दिसले, तर मात्र आत पाणी शिरले आहे असे समजावे. सेंटर डिफरन्शियल (पुढच्या व मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नसलेली गाडी कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हीलमध्ये वळवत राहिल्यास फोर-व्हीलचा लिव्हर अडकू शकतो. गाडी सरळ थोडी मागे घेतल्यास तो बहुधा सुटतो. फोर-व्हीलसाठी चारही टायर एकाच मापाचे हवेत, हे विक्रेते क्वचितच सांगतात.

— एक वाचक, मुलुंड