शेगडीच्या डोक्यावर टीव्ही नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गृहसजावटीच्या छायाचित्रांमध्ये फायरप्लेसच्या किंवा स्वयंपाकाच्या शेगडीच्या बरोबर वर टांगलेला टीव्ही अलीकडे वारंवार दिसतो, आणि ती रचना पाहून अनेकांना आपल्याही घरची तेवढी मोकळी भिंत खुणावू लागते. आम्हीही त्या मोहाला बळी पडलो, म्हणून हे पत्र.

स्वयंपाकघरात शेगडीच्या वर लावलेला आमचा टीव्ही तिसऱ्या वर्षी चालू व्हायला वेळ घेऊ लागला आणि एके दिवशी चालूच झाला नाही. दुरुस्ती करणाऱ्याने मागचे झाकण उघडले, तेव्हा हवा खेळण्यासाठी ठेवलेल्या फटींवर तेलकट, पिवळसर धुळीचा थर इतका घट्ट बसला होता की तो नखाने खरवडावा लागला. आतल्या पॉवर बोर्डावरचे (वीजपुरवठा सांभाळणाऱ्या पट्टीवरचे) दोन कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, वरच्या बाजूने फुगलेले होते.

बहुतेक टीव्हींच्या माहितीपुस्तिकेत सभोवतालच्या हवेचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आत असावे असे स्पष्ट लिहिलेले असते. टीव्ही स्वतःही तापतो, ती उष्णता बाहेर टाकण्यासाठीच त्या फटी असतात. या फटी तेलाच्या वाफेने आणि धुळीने बुजल्या आणि खालून सतत आच येत राहिली, की आतले तापमान वाढतच जाते. अशा कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंश वाढीमागे साधारण निम्म्यावर येते, असा इलेक्ट्रॉनिक्समधला ठोकताळा आहे. त्यामुळे पहिल्या महिन्यात काहीच बिघडत नाही आणि आपला निर्णय बरोबर होता असे वाटत राहते. ओएलईडी पडद्यांना (ज्यांतला प्रत्येक ठिपका स्वतःच प्रकाश देतो) तर उष्णता अधिकच बाधते.

मला याहून गंभीर वाटते ती सुरक्षिततेची बाब. सैल झालेली केबल बसवायला हात पेटत्या बर्नरवरून न्यावा लागतो, आणि फोडणी टाकताना नजर आचेऐवजी पडद्यावर जाते. घरातल्या आगींमध्ये दुर्लक्षित स्वयंपाक हे एक प्रमुख कारण असते, हे विसरता येत नाही. वाफ आणि धूर ओढणारी धातूची चिमणीसुद्धा गॅसच्या शेगडीपासून साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर वर बसवायला सांगतात. मग प्लॅस्टिकच्या टीव्हीला तिथे जागा कशी असेल?

फायरप्लेसच्या वर तेलाचा त्रास नसला, तरी आच आणि काजळी असतेच, शिवाय मानेचा प्रश्न येतो. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १ ते १.२ मीटरवर असतात आणि पडद्याचा मध्य त्याच्या आसपास असावा. फायरप्लेसवर तो सहज दीड मीटरच्या पुढे जातो, आणि दोन तासांच्या चित्रपटानंतर मान अवघडते.

ज्यांनी टीव्ही आधीच असा लावला आहे, त्यांनी त्या जागी भिंतीला थर्मामीटर चिकटवून, आग किंवा शेगडी तासभर चालू ठेवून आकडा पुस्तिकेतल्या मर्यादेत राहतो का ते पाहावे. फायरप्लेसवर पुढे आलेली फळी असल्यास आच थोडी बाजूला वळते, पण मोजल्याशिवाय तिच्यावर भिस्त ठेवू नये. धुराड्याच्या भिंतीत मात्र भोके पाडू नयेत, तिच्या आतून केबलही नेऊ नये.

अशी छायाचित्रे छापताना टीव्ही आणि आच यांतले अंतर व तिथले तापमानही सोबत द्यावे, ही आपणास विनंती.

आपला,
एक नियमित वाचक