ठळक अक्षरांत छापलेले पाच आकडे

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तू काल रात्री पाठवलेला बाबांच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट मी सकाळी दोनदा वाचला. फोनवर बोलता आले असते. परंतु धास्तावलेला माणूस फोनवरचे अर्धेच ऐकतो, म्हणून सविस्तर लिहितो. बाबांना इन्फ्लुएंझा आहे, आज सहावा दिवस आहे, ताप उतरणीला लागला आहे, ऑक्सिजन ९७ आहे आणि दम न लागता ते बोलतात, जेवतात, ही सगळी माहिती तू रिपोर्टच्या खाली जाता जाता एका ओळीत दिली आहेस. मी मात्र ती ओळ आधी वाचली, आणि पुढचे पाचही ठळक आकडे तिच्याच आधाराने वाचले.

सीआरपी, म्हणजे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, ३८ आहे आणि मर्यादा ५ छापली आहे, त्यामुळे तुला तो सातपट वाढलेला दिसला. या प्रथिनाचा शोध १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात लागला. न्यूमोकॉकस जिवाणूतील ‘सी’ नावाच्या शर्करायुक्त घटकाशी ते अभिक्रिया करते, म्हणून त्याच्या नावात ‘सी’ आला. पण ते तयार करतो रुग्णाचा स्वतःचा यकृत. शरीरात कुठेही दाह सुरू झाला की प्रतिकारपेशी इंटरल्युकिन-६ हे संदेशद्रव्य सोडतात आणि त्या हुकमावरून यकृत सीआरपी बनवू लागतो. म्हणजे हा आकडा विषाणूंची संख्या सांगत नाही, विषाणूला शरीराने दिलेले उत्तर सांगतो. प्रौढ माणसाच्या इन्फ्लुएंझात तो ३०-४० पर्यंत जाणे अगदी नेहमीचे आहे. शंभराच्या पुढे गेला असता, किंवा ताप उतरून पुन्हा चढला असता, तर वर जिवाणूंचा न्यूमोनिया झाला आहे का, याचा शोध मी तातडीने घ्यायला सांगितला असता. आणखी एक सावधगिरी बाळग. काही प्रयोगशाळा हा आकडा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, तर काही प्रति डेसिलिटरमध्ये, आणि दोन्हींत दहापटीचा फरक पडतो. दोन ठिकाणचे रिपोर्ट शेजारी ठेवून घाबरलेली कितीतरी कुटुंबे मी पाहिली आहेत.

रोज तपासणी करावी का, असे तू विचारले आहेस. करू नये. रक्तातला सीआरपी साधारण १९ तासांत निम्मा होतो आणि हा वेग आजार कोणताही असला तरी जवळपास तोच राहतो. त्यामुळे पातळी ठरते ती यकृत किती बनवतो आहे एवढ्यावरच. दाह ओसरू लागला की दोन दिवसांत आकडा स्पष्ट खाली आलेला दिसतो. चोवीस तासांच्या आतल्या लहानसहान चढउतारांतून मात्र काळजीखेरीज काही हाती लागत नाही.

फेरिटिन ४१० आहे. फेरिटिन म्हणजे शरीरात लोह साठवून ठेवणारे प्रथिन, हे तू शाळेत शिकला असशील. पण दाहात तेही वाढते आणि मधुमेह व यकृतातील चरबी यांमुळे कायमचेच थोडे वर राहते. बाबांना दोन्ही आहेत. प्रतिकारशक्ती बेभान होऊन स्वतःच्याच शरीरावर उलटते तेव्हा फेरिटिन कित्येक हजारांत जाते, आणि त्या अवस्थेतला रुग्ण असा आरामखुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत नाही.

डी-डायमर ६८० वाचून तू रक्ताच्या गुठळीपर्यंत पोहोचलास. शरीरात फायब्रिन, म्हणजे गुठळी बांधणारे धागे, तयार होऊन विरघळले की त्याचे जे तुकडे उरतात, त्यांचे हे मोजमाप. वय, दाह, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया अशा अनेक कारणांनी ते वाढते. छापलेली ५०० ची मर्यादा सर्व वयांना सरसकट लावलेली आहे; पन्नाशीनंतर वयाला १० ने गुणून येणारी मर्यादा धरण्याची पद्धत आता रूढ आहे, आणि बाबा ७२ वर्षांचे आहेत, म्हणजे त्यांची मर्यादा ७२०. पायाला सूज नाही, छातीत कळ नाही. या परीक्षेचे खरे बळ गुठळी नाही असे सांगण्यात आहे. आहे असे सांगण्यात ती फार दुबळी आहे.

एलडीएच या पेशींतल्या विकराबद्दल (एन्झाइमबद्दल) थोडक्यात सांगतो. तांबड्या पेशींत ते भरपूर असते आणि रक्त काढताना त्या फुटल्या की आकडा फुगतो. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘नमुन्यात किंचित रक्तविघटन’ असे लिहिले आहे, ते तू वाचले नसावेस. ईएसआर, म्हणजे तांबड्या पेशी नळीत खाली बसण्याचा वेग, तपासला नाही हे बरेच झाले. तो इतका संथ आहे की आजार बरा झाल्यावरही बरेच दिवस वरच राहतो.

पाचांपैकी मला थोडा लक्षात ठेवावासा वाटला तो लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा आकडा, ९००. विषाणूजन्य आजारात या पेशी रक्तातून कमी होतात, आणि जितक्या कमी व जितका काळ कमी, तितका आजार जड असण्याचा संभव अधिक. कोविडच्या काळात न्यूट्रोफिल (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आणि लिम्फोसाइट यांचे गुणोत्तर सगळ्यांच्या तोंडी होते. पण तेही फसवते. स्टेरॉइड सुरू केले की न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात, मग ते गुणोत्तर आजाराचे राहत नाही, औषधाचे होते.

स्टेरॉइडचा विषय निघालाच आहे तर, ‘सीआरपी वाढला आहे, स्टेरॉइड चालू करा’ हा तुझ्या परिचितांचा सल्ला कृपया बाजूला ठेव. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत २०२० मध्ये डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने कोविडचे मृत्यू कमी झाले हे खरे. कृत्रिम श्वसनावरील रुग्णांत ते ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले. मात्र ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना काहीच लाभ दिसला नाही. पुढे त्याच चाचणीत टोसिलिझुमॅब हे इंटरल्युकिन-६ ला अडवणारे औषध देताना सीआरपी ७५ किंवा अधिक ही अट होती, पण तिच्या जोडीला ऑक्सिजन कमी असणेही आवश्यक होते. एकटा आकडा पाहून औषध दिले गेले नाही. आणि हे सारे कोविडचे. इन्फ्लुएंझात स्टेरॉइडचा असा फायदा सिद्ध झालेला नाही.

इंटरल्युकिन-६ तपासून घेऊ का, असेही तू विचारले आहेस. त्या उत्तरावरून बाबांच्या उपचारात काहीही बदलणार नाही, तेव्हा नको. प्रोकॅल्सिटोनिन या रक्तातल्या दुसऱ्या प्रथिनाचा उपयोग एखाद्या वेळी होतो. जिवाणूंच्या संसर्गात ते वाढते आणि विषाणूंच्या संसर्गात तयार होणारे इंटरफेरॉन-गॅमा हे संदेशद्रव्य त्याला दाबून ठेवते, त्यामुळे प्रतिजैविक द्यावे की नाही या विचारात त्याची मदत होते. आज तो प्रश्नच उभा नाही.

तुला हसू येईल, पण या बाबतीत मी स्वतः फसलेलो आहे. कोविड झाला तेव्हा दुसऱ्याच दिवशी मी स्वतःचे रक्त तपासले, सीआरपी ४ आला आणि मी निश्चिंत झालो. आठव्या दिवशी जिना चढताना धाप लागली. दुसऱ्या दिवशीचा आकडा खोटा नव्हता. मी त्याला आठव्या दिवसाचा प्रश्न विचारला होता, एवढेच. रोज रक्ताचे आकडे वाचणाऱ्या माणसाला हे ठाऊक असायला हवे होते.

तेव्हा परवा, त्याच प्रयोगशाळेत, फक्त रक्तपेशींची मोजणी आणि सीआरपी करून घे. तोपर्यंत सकाळ-संध्याकाळ ऑक्सिजन पाहा. बोट गार असेल तर आधी चोळून ऊब आणावी, नाहीतर यंत्र उगाच कमी दाखवते. तो ९४ च्या खाली गेला, बोलताना धाप लागली, बाबा गोंधळल्यासारखे वाटले किंवा ताप परतला, तर रक्ताच्या रिपोर्टची वाट न पाहता त्यांना थेट रुग्णालयात ने, आणि मला वाटेतून फोन कर.

बाबांना माझा नमस्कार सांग. वहिनींनाही हे पत्र वाचून दाखव, त्याही रात्रभर जाग्या असतील.

तुझा,
श्रीधर