स्युडोमोनास खात नाही, भोसकतो

महोदय,

आपल्या शेती पुरवणीत केळीच्या पोंगासडीवरचा, म्हणजे जिवाणूंमुळे पोंगा सडण्याच्या रोगावरचा, लेख वाचला. ‘मित्रजिवाणू रोगाच्या जिवाणूंना खाऊन टाकतात’ असे त्यात छापले आहे. मी अकरावी-बारावीला तेहतीस वर्षे जीवशास्त्र शिकवले, म्हणून राहवले नाही. त्या मित्रजिवाणूंपैकी स्युडोमोनास कुणाला खात नाही. तो शेजाऱ्याला भोसकतो.

भोसकण्याचे हे हत्यार 2006 मध्ये हार्वर्डच्या जॉन मेकॅलॅनोस यांच्या प्रयोगशाळेत पटकीच्या जिवाणूत ओळखले गेले. रचना पुढे उलगडत गेली. पेशीच्या आत एक नळी, तिच्याभोवती ताणलेले आवरण, टोकाला अणकुचीदार प्रथिन. आवरण आखडले की काही मिलिसेकंदांत नळी शेजारच्या पेशीत घुसते. सोबत विष जाते. एखादे विष पेशीभित्तिका विरघळवते, एखादे पटलाला भोक पाडते, एखादे डीएनएचे तुकडे करते. सख्ख्या भावंडाला घाव बसला तरी ते मरत नाही, कारण त्या विषाचा उतारा त्याच्याजवळ असतो. आखडलेले आवरण सुटे होऊन त्याच सामानातून पुन्हा नवे हत्यार उभे राहते! हे आमच्या पुस्तकात नव्हते, वर्गात सांगता आले नाही, याची हळहळ वाटते.

स्युडोमोनास पुटिडा याच हत्याराने झँथोमोनास या पिकांवर रोग आणणाऱ्या जिवाणूला मारतो, हे 2017 मध्ये पानांवरच्या प्रयोगात दिसले. डाळिंबाच्या तेल्या रोगाचा जिवाणू याच झँथोमोनासच्या गोतातला. आपण दुकानातून आणतो त्या बाटलीत बहुधा पुटिडाचा भाऊबंद स्युडोमोनास फ्लुरोसन्स असतो, आणि प्रतिजैविके सोडणे, लोह पळवणे असे या मंडळींचे इतरही डाव आहेत. पण भोसकायचे तर पेशीला पेशी भिडलेली हवी आणि भोसकणारा जिवंत हवा.

इथेच आमचे नुकसान झाले. गेल्या वर्षी पुतण्याच्या मृगबागेत पोंगासड दिसली. दुकानदाराने स्युडोमोनास आणि कॉपर ऑक्सिक्लोराईड हे तांब्याचे औषध एकाच टाकीत कालवून आळवणी करायला, म्हणजे झाडाच्या बुंध्याशी ओतायला, सांगितले. तांबे जिवाणूंना मारते, त्यात आपला-परका नसतो. पैसे देऊन आणलेले जिवाणू टाकीतच मेले असणार. मला कळले तेव्हा अर्धी बाग भिजवून झाली होती.

‘खाऊन टाकतात’ वाचले की ते औषधच वाटते, आणि औषधात औषध कालवायला कुणी कचरत नाही. कृपया दुरुस्ती छापा, आणि तांब्यासोबत कालवू नये हे ठळक अक्षरांत द्या. यंदा पुतण्याने तांब्याची आणि स्युडोमोनासची आळवणी वेगवेगळी करून मध्ये पंधरा दिवस ठेवले आहेत.

– एक निवृत्त शिक्षिका, ता. रावेर, जि. जळगाव