हिंडलगा कुठल्या पानावर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या, म्हणजे १ जूनच्या अंकातलं ‘दिनविशेष’ वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग सुनेला मोठ्यानं वाचायला लावलं, म्हटलं आपल्याच डोळ्यांतून काही सुटत असेल. नर्गिस आहे, मेरिलीन मन्रो आहे. १९३० साली दख्खनची राणी धावली, १९४८ साली पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी सुटली, १९९६ साली देवेगौडा पंतप्रधान झाले, २००१ साली नेपाळच्या राजवाड्यात गोळीबार झाला. शेवटी जागतिक दूध दिन. हिंडलगा नाही, म्हणजे कर्नाटकाच्या कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळ्यांनी पडलेले आमचे मराठी हुतात्मे नाहीत. काठमांडूच्या गोळ्यांचा आवाज तुमच्यापर्यंत पोचतो, बेळगाव तालुक्यातल्या १९८६ च्या गोळ्यांचा पोचत नाही, असं दिसतं.

गंमत अशी, की त्याच अंकात तिसऱ्या पानावर ‘हिंडलगा हुतात्मा स्मारकात आज अभिवादन’ अशी चौकट आहे. म्हणजे बातमी देणाऱ्याला तारीख ठाऊक आहे, दिनविशेष लिहिणाऱ्याला नाही. दोघं एकाच पेपरात आहेत ना? की दिनविशेष पुण्या-मुंबईहून डबाबंद येतं आणि इथं नुसतं गरम करून वाढतात?

नर्गिसचं आम्हाला वावडं नाही. दुधाचंही नाही, घरात दोन म्हशी आहेत. पण १ जून या तारखेशी माझं जरा वेगळं नातं आहे, म्हणून हे पत्र.

कागदोपत्री माझा जन्म १ जूनचा. आई सांगायची, तू नागपंचमीच्या आदल्या दिवशीचा. शाळेत घालायला वडील घेऊन गेले तेव्हा गुरुजींनी उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावला. बोटं कानाच्या पाळीला जेमतेम टेकली. गुरुजी म्हणाले, “कान घावला, खरं दोन महिनं कमी पडत्यात. एक जून लिवतो.” वडिलांनी मान हलवली. माझ्या मागं उभी असलेली सहा-सात पोरंही त्या दिवशी त्याच तारखेला जन्मली. पुढं नोकरीत १ तारखेच्या माणसाला आदल्या महिन्याच्या अखेरीस घरी पाठवतात, या हिशेबानं ३१ मेला हार गळ्यात पडला. गुरुजींच्या एका ओळीपायी दोन महिन्यांचा पगार गेला. ते असो.

तर आमच्या भागात साठी ओलांडलेल्या निम्म्या माणसांचा वाढदिवस १ जूनला. काल सकाळी स्मारकापाशी आम्ही अनवाणी उभे होतो. फुलं वाहून झाली, सगळे स्तब्ध. तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. तो दाबतोय तोवर शेजारच्याचा, मग मागच्या रांगेतल्या दोघांचा. सगळ्यांना बँकेचा तोच मेसेज : वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! एका तरुण कार्यकर्त्यानं डोळे वटारले. बरोबरच होतं त्याचं. आम्ही चार म्हातारे चोरासारखे माना खाली घालून उभे. बँक खोटी तारीख वर्षानुवर्षं न चुकता लक्षात ठेवते, आणि आमच्या पेपराला खरी तारीख सापडत नाही!

कन्नडसक्ती काय होती आणि जूनच्या त्या पहिल्या आठवड्यात काय घडलं, हे तुम्हाला आणि तुमच्या वाचकांना मी सांगायला नको. माझ्यापुरतं एवढंच आठवतं, की झाडं तोडून रस्त्यात आडवी टाकली होती आणि मी सायकल खांद्यावर घेऊन, धूळवाफ पेरलेल्या भाताच्या शिवारातून घरी आलो होतो. चपला चिखलात रुतून राहिल्या, त्या परत आणायला गेलो नाही. बायको दारातच उभी होती. तिनं आधी चाकं मोजावीत तसे माझे हातपाय बघितले आणि मग शिव्या घातल्या.

आणि हे १ जूनलाच घडलं असंही नाही. १७ जानेवारीलाही मी असाच चष्मा पुसला होता. त्या दिवशी जावेद अख्तर आणि मुहम्मद अली यांचे वाढदिवस होते, संयुक्त महाराष्ट्रासाठी पडलेले १९५६ चे बेळगाव-निपाणीचे हुतात्मे नव्हते. १ नोव्हेंबरला राज्यांच्या स्थापनेची यादी छापता. त्याच दिवशी बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधार्थ दंडाला काळ्या फिती लावून निघणारी आमची फेरी मात्र दुसऱ्या दिवशीच्या बातमीत, तीही कुणावर गुन्हे नोंदवले एवढ्यापुरती.

जागा नव्हती असं उत्तर येईल. मन्रोबाईंना काल सहा ओळी होत्या. मी मोजल्या.

आता लिहायला बसलोच आहे तर आणखी एक. त्याच सदरात ‘१९२९ : पुण्यात प्रभात फिल्म कंपनीची स्थापना’ असं छापलं आहे. प्रभात स्थापन झाली ती कोल्हापुरात. पुण्याला गेली १९३३ साली. चांगलं काही झालं की ते पुण्यातच झालं असणार, हा समज दिनविशेष लिहिणाऱ्यांनी सोडला तर बरं. कोल्हापूरचे वाचक तुम्हाला लिहितीलच, आणि ते माझ्याइतकं सभ्य लिहिणार नाहीत.

पुढच्या १ जूनचं दिनविशेष ज्या कुणाच्या टेबलावर तयार होईल, त्याच्याकडं हे कात्रण पाठवावं ही विनंती. एक ओळ पुरे, दूध दिनाच्या खाली चालेल.

कळावे.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
ता. बेळगाव

ता. क. : कालच्या अंकात दोन ठिकाणी ‘बेळगावी’ छापलं आहे. सरकारी कागदावर ते १ नोव्हेंबर २०१४ पासून झालं, ठीक. तुमचा कागद सरकारी कधीपासून झाला?